नाटकाच्या पोस्टरपासून अजब बंगल्यापर्यंत : तिसरी-चौथीच्या वाचनाचं एक वर्ष

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत वाचनाचं काम आणि कलेच्या क्षेत्रभेटी हातात हात घालून करायच्या, तर कुठून सुरुवात करायची, कोणते कागद लागतात, पैसा कुठून येतो, हे विचारायला 2024 च्या जूनमध्ये मला जवळपास कुणी सापडलं नव्हतं. आता ते वर्ष पार पडलं आहे. जे जसं घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. दोन शिक्षकी शाळेत काम करणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

आमचं गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं. वडसा तासाभराच्या अंतरावर, नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शाळा पहिली ते चौथी. सरांकडे पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचा कारभार, माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट 26.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पाठ्यपुस्तकं वाटून, गणवेशाची मापं देऊन होईपर्यंत जुलै लागतो आणि जुलैत धानाची रोवणी लागते. आईबाप पहाटे बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, मोठी पोरगी लहान्याला सांभाळायला घरी. त्यामुळे वाचनाची पहिली चाचणी मी एका दिवशी घेतलीच नाही. जे मूल ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्याला जवळ बसवलं, एक अक्षरतक्ता, एक शब्दांचा कागद, एक छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट पुढे ठेवली. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं लक्ष्य सांगतं की तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. माझ्या वर्गात अकरा मुलं शब्दांवर अडलेली निघाली आणि चार अक्षरांवर. त्यातली काही चौथीत बसत होती. त्या रात्री मला फार जड वाटलं. पोरं हुशार होती हे मला दिसत होतं. जंगलातल्या झाडांची नावं, बैलाचा आजार, बाजारातला हिशेब, सगळं त्यांना येत होतं. छापलेल्या ओळीसमोर मात्र तीच पोरं मान खाली घालत.

आधी पुस्तकं पेटीतून बाहेर काढली. ग्रंथालयाच्या अनुदानातून आलेली बरीच पुस्तकं फाटतील या धास्तीने कुलपात होती, आणि ती धास्ती खोटी नव्हती, कारण जबाबदारी आमच्यावर असते. सरांशी बोलून ठरवलं की फाटलेल्या पुस्तकाची नोंद ठेवायची, वर्षाच्या शेवटी शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडायची आणि समितीचा तसा ठराव आत्ताच घ्यायचा. ठराव झाल्यावर आमच्या दोघांच्याही मनावरचा भार उतरला. तुम्हीही हा ठराव पहिल्याच सभेत घ्या. मग खिडकीच्या गजांना नायलॉनची दोरी बांधून पुस्तकं टांगली, कण्यावर रुंद चिकटपट्टी लावली, आणि देवघेवीची वही चौथीतल्या दोन मुलींकडे दिली. परिपाठानंतरचा अर्धा तास वाचनाचा. या अर्ध्या तासात मी हजेरी, ऑनलाइन माहिती, फोन यांतलं काहीच करायचं नाही, हे स्वतःशी पक्कं केलं. हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं, कारण माहिती नेमकी त्याच वेळी मागवली जाते.

पुस्तकं टांगल्यावर वाचणारी मुलं आणखी वाचू लागली. न वाचणारी चित्रं पाहून पुस्तक परत टांगत. त्यांच्यासाठी मी ‘वाचनपान’ सुरू केलं. सकाळी एका मुलाने काल काय झालं ते सांगायचं, मी ते त्याच्याच बोलीत मोठ्या कागदावर जाड मार्करने लिहायचं, मग सगळ्यांनी ते वाचायचं. चार-पाच ओळी, जास्त नाही. कागद रद्दीचे, पाठकोरे. एक वडील शाळेत आले आणि म्हणाले, “मॅडम, हे असं तं थो घरी बोलतेच. शाळेत शुद्ध शिकवा ना.” त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात तोच मजकूर पुस्तकी मराठीत लिहायला लागले. वरचं वाचून झालं की खालचं. पुढच्या महिन्यात तेच वडील पोराचं पान वाचायला दारात उभे राहिले.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला. त्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आमचं वेळापत्रक बदललं. प्रशिक्षणं, नेमणुकीचे आदेश, 20 नोव्हेंबरचं मतदान. एक शिक्षक ड्युटीवर गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. त्या दिवसांत वाचनपान चौथीतल्या मुली चालवत. मध्येच दिवाळी आणि दिवाळीनंतरच्या मंडया. आमच्याकडे मंडई म्हणजे गावागावात पाहुणे, दुकानं, दंडार आणि खडी गंमत ही आमची लोकनाट्यं, आणि रात्री नाटक. इथपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो.

मंडईच्या सुमारास किराणा दुकानाच्या भिंतीवर पहिलं पोस्टर लागलं. मी शाळेत जात होते, दुकानासमोर पोरं थांबलेली. अक्षरांवर अडलेल्या चौघांपैकी तिसरीतला एक जण भिंतीला नाक लावून उभा होता. बोट खाली सरकवत तो म्हणत होता, “ति… की… ट. तिकीट! मॅडम, तिकीट दर लिवलं हाय!” मग वर सरकला, “स्थळ” जवळ थांबला, बोट तिथेच ठेवून गावाचं नाव आधी वाचलं आणि मागे येऊन “स्थळ” पूर्ण केलं. हे त्याला जमलं, कारण भोंगा लावलेली गाडी दोन दिवस गावातून फिरत होती आणि स्थळ, वेळ, तिकीट हे सगळं त्याच्या कानावरून गेलं होतं. पोस्टरवर काय लिहिलेलं असणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. जुलैपासून मी जे चाचपडत होते ते मला त्या भिंतीपाशी दिसलं. जे पोरांनी ऐकलं-पाहिलं आहे ते त्यांच्यापुढे आधी ठेवायचं, आणि त्यांचं ऐकलेलं-पाहिलेलं जग वाढवत न्यायचं. क्षेत्रभेटींचा विचार मी इथून पक्का केला.

पोस्टरं गोळा करताना एक काळजी घ्या. प्रयोग व्हायच्या आत भिंतीवरचं पोस्टर काढू नका, मंडळाची माणसं रागावतात, आणि बरोबरच आहे. शिवाय खळीने चिकटवलेलं पोस्टर निघताना फाटतं. आयोजक मंडळाकडे उरलेली असतात, मागितली की आनंदाने देतात. आम्हाला गठ्ठाभर मिळाली, खर्च शून्य. जोडाक्षरांसाठी याहून चांगलं साहित्य मी अजून पाहिलेलं नाही : प्रयोग, रात्री, दिग्दर्शक, निर्मिती, प्रकाशयोजना, हृदयस्पर्शी. शब्द कापून डब्यात ठेवले. रोज प्रत्येकाने एक काढायचा, वाचायचा, आणि तो पोस्टरवर कुठे होता ते सांगायचं. “दिग्दर्शक” आठवडाभर कुणाला धड वाचता येईना. मग चौथीतल्या एका मुलीने ‘दिग्’ आणि ‘दर्शक’ अशी दोन तुकड्यांत कात्री चालवली आणि तो सगळ्यांचा झाला. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्या बातमीचं कात्रण माझ्याकडे होतं. ते वाचायला दिलं तेव्हा वर्गात पहिल्यांदाच पुढची ओळ कोण वाचणार यावरून भांडण झालं.

पहिल्या भेटी पायी केल्या. शेजारच्या गावी शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त, नाटक होतं, तिथला मंडप उभा राहताना दिवसा पाहायला गेलो. गावाच्या परिसरातल्या भेटीला मोठी परवानगी लागली नाही. मुख्याध्यापकांची नोंद, हालचाल रजिस्टर आणि पालकांना आदल्या दिवशी चिठ्ठी, एवढ्यावर काम झालं. केंद्रप्रमुखांना मात्र फोन करून सांगितलं होतं, तुम्हीही सांगा. मंडपात प्रेक्षकांच्या जागेची जमीन खोदून उतरती केली होती, मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून. रात्री त्याच उतारावर आईच्या मांडीत झोपणारी पोरं दिवसा त्यात उतरून, चालून, पावलांनी मोजून आली. मंचाच्या एका बाजूला वही घेऊन बसण्याची, नटांना हळूच संवाद पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरची जागा त्यांनी पाहिली. “थो दिसत नाई, पण सगळं थोच वाचते,” असं मंडपवाल्या काकांनी सांगितलं. हे एक वाक्य पुढे फार कामी आलं.

गावातल्या एका जुन्या दंडारकऱ्यांना शाळेत बोलावलं. ते आले तेव्हा संकोचले होते. तासाभराने शाळेबाहेर निम्मं गाव जमलं होतं. मानधन म्हणून आम्ही टोपी-नारळ दिला. जमलं तर थोडे पैसेही द्यावेत असं माझं मत आहे. कलावंताचा वेळ फुकटचा नसतो, आणि मुलांनी ते बघायला हवं.

डिसेंबरात शेजारच्या गावातल्या कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरी गेलो. कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं कापड विणणारी घरं आता थोडीच उरली आहेत. ज्या आजोबांकडे गेलो त्यांचा खड्डामाग होता. पाय खड्ड्यात, हात वर, आणि सगळी खोली खटक-खटक आवाजाने भरलेली. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांचे कोसले त्यांनी टोपलीतून काढून दाखवले. पोरांनी ते कानाशी धरून हलवून पाहिले. आजोबा करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी विणत होते. आडवा धागा नेणारा अंगाला एक धोटा, दोन्ही काठांना एकेक, असे तीन. “पोट्टेहो, हात नोका लावू, धागा तुटते,” असं दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा स्वतःच एका पोरीचा हात धरून फणी ओढायला लावली. दिवसाला किती विणता असं कुणीतरी विचारलं. “दोन हात झाली तं लय झाली.”

दुसऱ्या दिवशीचं वाचनपान त्याच मुलीचं होतं. जसंच्या तसं देते :

“आजोबाचे पाय खड्ड्यात रायते. काठ करवतीसारखा हाय. तीन धोटे हाय. एक धागा चुकला तं आजोबा मांगं जाऊन सोडवते. मी फणी वढली.”

शब्दांवर अडलेल्या अकरा जणांत ही मुलगी होती. स्वतःचं पान ती अडखळत, पण बोट न ठेवता वाचून गेली. मग वर्गातल्या सगळ्यांना तेच पान वाचायचं होतं, कारण सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

हे चालू असतानाच नागपूरच्या सहलीची फाइल फिरत होती. तो भाग थोडा सविस्तर सांगते.

निवडणूक संपल्यावर, 27 नोव्हेंबरला शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतली. एका वडिलांनी सरळ विचारलं, “पोट्टे हरवले तं?” मला याचं तयार उत्तर नव्हतं. मी काय काय करणार तेवढं सांगितलं : दहा मुलांमागे एक मोठं माणूस, प्रत्येकाच्या गळ्यात नाव आणि दोन फोन नंबरांचं कार्ड, बसमध्ये चढता-उतरताना मोजणी. एक आई मागून म्हणाली, “मी येतो संगं.” तिच्या त्या एका वाक्याने ठराव झाला.

फाइलीत आमच्याकडून जे मागितलं गेलं ते असं : समितीचा ठराव, प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतीपत्र, विद्यार्थ्यांची यादी पालकांच्या फोनसह, सोबत येणाऱ्या शिक्षकांची यादी आणि त्यात महिला शिक्षिका, जाण्या-येण्याचा मार्ग व वेळापत्रक, मुख्याध्यापकांचं हमीपत्र, प्रथमोपचार पेटीची नोंद, आणि प्रवास एसटीनेच करणार असल्याचं लेखी. अंगठा लावणाऱ्या पालकांच्या संमतीपत्रावर साक्षीदाराची सही घ्या, त्यावरून कागद परत येऊ शकतो. आजीआजोबांकडे राहणारी तीन मुलं होती, आईबाप कामासाठी बाहेरगावी. त्यांची संमती फोनवर घेऊन आजोबांची सही घेतली आणि तशी टीप खाली लिहिली.

29 नोव्हेंबरला फाइल केंद्रप्रमुखांकडे दिली. तिथून पंचायत समितीचा शिक्षण विभाग, तिथून जिल्हा परिषद. माझ्या पहिल्या आराखड्यात मार्कंडा होतं. वैनगंगेच्या काठावरचा तो मंदिरांचा समूह, दगडावरची ती शिल्पं पोरांनी पाहावीत असं माझ्या फार मनात होतं. 9 डिसेंबरला फाइल परत आली. शेरा असा की नदीकाठ जोखमीचा आहे, ठिकाण बदलावं. वाईट वाटलं, पण एवढी लहान मुलं आणि वाहतं पाणी हे चित्र डोळ्यांपुढे आणल्यावर नियम पटला. 11 तारखेला नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आणि दीक्षाभूमी अशी नवी फाइल दिली. मग वाट पाहणं. दर तीन-चार दिवसांनी मी फोन करायचे, नम्रपणे, फाइलीचा जावक क्रमांक सांगून. जावक क्रमांक विचारून लिहून ठेवा, नुसत्या “आमची फाइल” या शब्दांवर कुणालाच काही सापडत नाही. 2 जानेवारीला परवानगी हातात आली. तोवर पोरं रोज विचारत, “मॅडम, आली का?” आणि मला रोज नाही म्हणावं लागे. सगळ्या वर्षातला तोच काळ मला जास्त जड गेला.

एसटीचं काम त्यामानाने सरळ झालं. शाळांच्या शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते, बस प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी ठरवून मिळते. आगारात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, मुलांची यादी आणि परवानगीची प्रत दिली. परवानगी यायच्या आधीच मी एकदा जाऊन तारखा रिकाम्या आहेत का ते विचारून आले होते. हे नक्की करा, कारण डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळांच्या सहली असतात. भाड्याशिवाय अनामत भरावी लागते, ती नंतर परत मिळते, पण त्या दिवशी खिशात असायला हवी.

आमची 26 मुलं एका बसला कमी पडत होती. शेजारच्या गावच्या शाळेतली चौथीची 14 मुलं सोबत घेतली आणि खर्च वाटून घेतला. बसचे साडेनऊ हजार, खाऊचे 1,600, प्रवेश, औषधं आणि किरकोळ मिळून 700. एकूण 11,800 रुपये. मुलामागे 150 रुपये ठरवले, 35 मुलांचे आले म्हणजे 5,250. महिला बचत गटाने 2,000 दिले. उरलेले 4,550 दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी मिळून घातले. ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांची नावं कुठेही लिहिली नाहीत, वर्गात तो विषय काढला नाही. सहलीवरून आल्यावर जमाखर्च शाळेच्या फलकावर लावला. गावाने दिलेल्या पैशाचा हिशेब गावाला दिसला पाहिजे. त्या दिवशी शाळेत भात शिजणार नसतो, म्हणून पोषण आहाराची नोंद कशी करायची तेही केंद्रप्रमुखांना आधी विचारून घ्या.

9 जानेवारी, गुरुवार. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे तो वार टाळला होता. रात्री मला झोप लागली नाही. पहाटे सहाला थंडीत सगळं गाव शाळेसमोर, डोक्याला रुमाल बांधलेली पोरं, डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी. नागभीड, भिवापूर, उमरेड असा रस्ता. पुढच्या सीटवरच्या जोडीने रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या आणि दर गावाला जोडी बदलायची, असं ठरवलं होतं. मैलाचे दगड, पंपाच्या पाट्या, गावांची नावं, ट्रकच्या मागची वाक्यं, काही सुटलं नाही. नागभीडला चौथीतल्या एकाने सगळ्यांना सांगितलं की त्याचे आजोबा इथून छोट्या लाईनने नागपूरला जायचे. ती नॅरोगेज गाडी 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा ही मुलं अंगणवाडीत होती. उमरेडच्या आधी सहा जणांना उलट्या झाल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लिंबं आणि जुने टॉवेल सोबत होते म्हणून निभावलं. ज्यांना बस लागते त्यांना पालकांकडून आधीच विचारून पुढे बसवा, आणि निघताना पोटभर खाऊ देऊ नका.

मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचं आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला अजब बंगलाच म्हणतात आणि पोरंही तेच नाव घेऊन आली होती. प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी दिली होती : आवडलेली एक वस्तू, तिच्या पाटीवरचं एक वाक्य उतरवून आणायचं, परतताना बसमध्ये वाचायचं. एवढंच काम. पानभर प्रश्न दिले असते तर पोरांनी वस्तूंकडे पाहिलंच नसतं. पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी सगळी गर्दी झाली, ते स्वाभाविक होतं, तिथे भरपूर वेळ दिला. कोरीव लेख असलेल्या दगडापाशी मात्र पोस्टर वाचणारा तो तिसरीतला मुलगा थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, “मॅडम, हे अक्षर हाय ना? मंग वाचता काऊन नाई येत?” मी सांगितलं की ही जुनी लिपी आहे, मला पण येत नाही, पण ती वाचणारी माणसं आहेत, ती शिकतात. तो म्हणाला, “म्हणजे तुमाले पण शिका लागन.” खरंच होतं ते. आदिवासींच्या वस्तूंच्या दालनात बांबूचा मासे धरायचा सापळा पाहून ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरातल्या एका मुलाने दोन्ही शाळांच्या मुलांना तो पाण्यात कसा लावतात, तोंड कुठल्या दिशेला ठेवतात, मासा आत गेला की परत का येत नाही, हे हातवारे करून समजावलं. वर्गात तो कधी इतकं बोलला नव्हता.

जेवणं झाल्यावर दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे काय झालं ते आदल्या आठवड्यात वाचनपानावर घेतलं होतं. 22 प्रतिज्ञा कोरलेल्या स्तंभासमोर चौथीतली एक मुलगी आपणहून पुढे झाली आणि वाचू लागली. शब्द कठीण होते. घरी, विहारात तिने ते ऐकले होते, म्हणून ती कुठे अडली नाही. सोबत आलेली आई, तीच ती “मी येतो” म्हणणारी, बाजूला उभी राहून तिच्यासोबत ओठ हलवत होती. ती मुलगी वर्षभर वर्गात मोठ्याने वाचायला तयार नव्हती. परत आल्यावर मी तिला एवढंच विचारलं की परिपाठात उद्या वाचशील का. ती हो म्हणाली.

संध्याकाळी सातच्या आत गावात पोचलो. मोजणी केली, 40. तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला.

त्यानंतरचे दोन महिने मी सहलीचंच पीठ दळत होते. बसमधली वाक्यं, पाट्या, छोट्या लाईनची आजोबांची आठवण, सापळा, सगळं वाचनपानांवर आलं. ती पानं शिवून त्यांचं एक जाडजूड पुस्तक झालं, ते दोरीवर टांगलं, आणि दोरीवरच्या पुस्तकांत ते सगळ्यात आधी झिजलं. फेब्रुवारीत मुलांनी अजब बंगल्यावर एक छोटं नाटक लिहिलं. प्रॉम्प्टरची कामं मी मुद्दाम शब्दांवर अडलेल्यांना दिली. प्रॉम्प्टरला सगळं नाटक वाचावं लागतं, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात आणि वेळेवर. आपण मागे पडलो म्हणून हे वाचायला दिलं आहे असं त्यांना वाटत नाही, कारण मंडपात ती जागा किती महत्त्वाची असते ते त्यांनी पाहिलेलं होतं. तालमी महिनाभर चालल्या आणि त्या महिन्यात त्या मुलांचं वाचन जेवढं पुढे गेलं तेवढं आधीच्या सहा महिन्यांत गेलं नव्हतं.

मार्चमध्ये निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम आला आणि त्यात चावडी वाचन, म्हणजे मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचं. आम्ही ते ग्रामपंचायतीसमोर संध्याकाळी घेतलं, माणसं शेतातून परतल्यावर. मोहफुलं पडायला लागली की पोरं पहाटे वेचायला जातात आणि शाळेत पेंगतात, म्हणून मोहाच्या आधी उरकलं. पाठ्यपुस्तकातला उतारा, एक अनोळखी गोष्ट, आणि स्वतःचं वाचनपान, असं प्रत्येकाने वाचलं. कोष्टी आजोबाही आले होते. स्वतःबद्दलचं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मार्चअखेरीस अक्षरांवर कुणी उरलं नव्हतं, शब्दांवर तिघं होते, आणि गोष्ट समजून वाचणारे सतरा. त्या तिघांपैकी एकाला डोळ्यांचा त्रास असल्याचं शाळेच्या आरोग्य तपासणीत कळलं, त्याला चष्मा मिळाला आहे. उरलेल्या दोघांची हजेरीच कमी होती. कामाच्या शोधात कुटुंब हललं की पोर हलतं. त्यांची वाचनपानं मी त्यांच्या आईंजवळ सोबत दिली आहेत.

ठरावाचा मसुदा, संमतीपत्राचा नमुना, एसटीचा अर्ज आणि वेळापत्रक यांच्या प्रती केंद्रातल्या इतर शाळांना शिक्षण परिषदेत वाटल्या, तीन शाळांनी पुढच्या वर्षासाठी लगेच एकत्र बस करायचं ठरवलं. निवडणूक नसलेल्या वर्षी फाइल दिवाळीच्या सुट्टीआधीच पुढे पाठवा, म्हणजे डिसेंबरातली तारीख मिळेल. नागपूरला जाणार असाल तर हिवाळी अधिवेशनाचा आठवडा टाळा, रस्ते बंद असतात. आणि गळ्यातली कार्डं सुतळीत नको, पट्टीत ओवा. आमच्या पोरांच्या माना सुतळीने घासल्या होत्या.